बियाफ्रा तक्ता, तिसरी नोंद: बेबी आली कुठून?

दोन संध्याकाळी गेल्या, पण गाठ सुटली. 'हाफ ऑफ अ यलो सन' ही चिमामांडा न्गोझी अदिचींची कादंबरी, नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धावरची. तिचा पहिला भाग संपवून भिंतीवरच्या तक्त्यावर घटनांच्या चिठ्ठ्या लावल्याचं मागच्या नोंदीत सांगितलंच होतं. दुसरा भाग उघडला, तर नायिका ओलानाच्या घरात एकदम एक चिमुरडी! नाव बेबी. ती कधी आली, कुणाची, पत्ता नाही. जुळी बहीण कैनेनेशी अबोला, त्याचंही कारण नाही.

प्रत नागपुरात बर्डीवरून घेतलेली, जुनी. वाटलं, पानं गळाली असणार. पृष्ठांक एकेक करून पाहिले, सलग निघाले. शिवणही शाबूत. मग मजकूर न वाचता फक्त भागांची शीर्षकं पाहिली: साठच्या दशकाची सुरुवात, अखेर, परत सुरुवात, परत अखेर. अदिचींनी मधला तुकडा मुद्दाम उचलून तिसऱ्या भागात ठेवलाय! राग कशाचा हे कळायच्या आधीच आपण या माणसांसोबत युद्धात शिरतो. मला हे फार आवडलं.

पानांच्या क्रमाने लावलेलं सगळं काढलं आणि सनावळीने मांडलं: जानेवारी १९६६चं नायजेरियातलं लष्करी बंड, त्याच वर्षी देशाच्या उत्तरेत इग्बोंच्या, म्हणजे मूळच्या पूर्वेकडल्या समाजाच्या, कत्तली, ३० मे १९६७ला बियाफ्राची घोषणा, जुलैत युद्ध. शेवटचा खिळा १५ जानेवारी १९७०, शरणागती. चिकट पट्ट्या घेऊ नका, कुलरच्या ओलाव्यात रात्रीतून गळतात. टाचण्या आणि दोरा बरा.

१९६६च्या खिळ्यावर हात थांबला. उत्तरेतून पळणाऱ्यांनी खच्चून भरलेल्या गाडीत एक बाई ओलानाला आपलं तुंबं, म्हणजे वाळक्या भोपळ्याचं भांडं, उघडून दाखवते. आत तिच्या मुलीचं शीर. आणि ती बोलते कशाबद्दल, तर केसांबद्दल: किती दाट होते, वेण्या घालायला किती वेळ लागायचा. पुस्तक मिटून गच्चीवर गेले.

परत आल्यावर आठवलं, हे तुंबं आधी भेटलंय! पहिल्या भागात, कादंबरीत मधूनमधून येणाऱ्या 'पुस्तकातल्या पुस्तका'च्या पहिल्याच तुकड्यात. ते तुकडे मी तक्त्यावर घेतलेच नव्हते, कुठल्या सालात बसवायचे कळेना म्हणून. आता दोन दोऱ्यांचा बेत रद्द. लाल सुरुवातीचा, निळा अखेरचा, आणि या तुकड्यांना स्वतंत्र जांभळा, दोन्हींच्या वरून जाणारा. हे आतलं पुस्तक कोण लिहितंय याचा माझा अंदाज आहे, पण ज्यांचं वाचून झालंय त्यांनी कृपया सांगू नका.

जांभळा दोरा घरात नाही. उद्या इतवारीतून आणते, मग तिसरा भाग.