तुम्ही विचारलंत म्हणून: "त्या बायका सरकारच्या पैशावर बसून खातात ना?"

सांगलीला गेले की दुसऱ्या चहाला हा प्रश्न येतोच. "तुमच्या शिकागोत त्या काळ्या बायका लग्नाशिवाय मुलं होऊ देतात आणि सरकारच्या पैशावर बसून खातात म्हणे. खरं का गं?" विचारणाऱ्या आत्याला ठाऊक असतं की नवऱ्यापासून वेगळी होऊन मीही लेकीला एकटीच वाढवते. पण मी "धीराची पोर". (तोंडावर तरी.)

आत्या, ती गोष्ट माझ्याच गावातून निघाली. 1976 साली रोनाल्ड रेगन (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते) प्रचारात शिकागोच्या एका बाईचा किस्सा सांगत फिरायचे: 80 नावं, 30 पत्ते वापरून सरकारी मदत लाटते, वर्षाला दीड लाख डॉलर. बाई खरी होती, ठगही होती. पण खटल्यात सिद्ध झालेली रक्कम 10 हजारांच्याही आत होती. एका ठगाची गोष्ट मदत घेणाऱ्या हरेक ब्लॅक आईला चिकटली आणि सांगलीपर्यंत पोचली.

मला मात्र दुसरीच बाई आठवते. अलाबामातल्या मिसेस स्मिथ. चार मुलं, पहाटे साडेतीन ते दुपारी बारा स्वयंपाक करायचं आणि वाढायचं काम, आठवड्याला 16 ते 20 डॉलर. शनिवार-रविवारी एक ओळखीचा माणूस त्यांच्याकडे यायचा. त्याला स्वतःची नऊ मुलं. तरी राज्याने ठरवलं की हाच या मुलांचा 'बदली बाप', आणि बाप असलेल्या घराला मदत नाही या नियमाने मुलांची सरकारी मदत तोडली. बाई कोर्टात गेल्या. 1968 साली सुप्रीम कोर्टाने एकमताने तो नियम मोडीत काढला. म्हणजे बघा, घरात पुरुष नाही म्हणून नावं ठेवायची आणि पुरुष फिरकला तर मुलांचा घास काढायचा!

बसून खाण्याचं म्हणाल, तर 1996 च्या कायद्यापासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या रोख मदतीला कामाची अट आहे, आणि मोठ्या माणसाला ती आयुष्यात साधारण पाचच वर्षं मिळते. लग्न झालेलं नाही म्हणजे बाप गायब, हेही खरं नाही. कित्येक जोडपी लग्नाशिवाय एकत्र राहतात.

मग मदत कशी करायची? मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये 2018 पासून एक संस्था सरकारी अनुदानाच्या घरांत राहणाऱ्या ब्लॅक आयांना वर्षभर महिन्याला 1000 डॉलर देते. कशावर खर्च केले, कुणी विचारत नाही. मला हे न विचारणंच फार आवडतं.

कारण विचारणारे सगळीकडे असतात. माझी शेजारीण ब्लॅक, दोन मुलग्यांची एकटी आई, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. पहाटे साडेचारला तिची गाडी सुरू झाली की माझी झोप मोडते. आमची मुलं एकाच शाळेत. पालकसभेत तिला पहिला प्रश्न: "मुलांचे वडील कुठे असतात?" मला आजवर एकदाही नाही.

गेल्या हिवाळ्यात लेक तापाने फणफणली आणि मी कामावर अडकले, तेव्हा तिच्याजवळ रात्री दहापर्यंत ही शेजारीणच बसली होती. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "ती तुझ्यासारखी असेल गं. मी त्या बाकीच्यांचं म्हणतेय."

म्हटलं, "आत्या, ती त्या बाकीच्यांतलीच."

आत्या उठली. "भाकरी टाकू का तुला?"