आमची वाटचाल : लासलगावचा कांदा, रक्सौलची वेस

आमचा धंदा कांद्याचा नाही, कांद्याच्या कागदांचा आहे. नाशिक जिल्ह्यातला कांदा आणि शेतीपंपांचे सुटे भाग बिहारमधल्या रक्सौलमार्गे सीमेपलीकडे नेपाळच्या वीरगंजला पोचवायचे आणि दोन्हीकडची कस्टम्सची कामे उरकायची. 2010 मध्ये सुरुवात केली तेव्हा हे सोपे दिसत होते. व्हिसा लागत नाही, व्यवहार भारतीय रुपयात होतो, नेपाळी रुपयाचा दर 1993 पासून 1.60 वर बांधलेला. दिल्ली आणि काठमांडूचे बिनसले की त्याची पहिली झळ ट्रकला बसते, हे हळूहळू कळत गेले.

पहिली दोन वर्षे काम मुख्यतः पंपांचे. तेव्हा मालावर भरलेला अबकारी कर भारत सरकार नेपाळ सरकारला परत करी आणि आयातदार तेवढी रक्कम आपल्या भन्सारातून वळती करून घेई (कस्टम्सला तिकडे भन्सारच म्हणतात). मार्च 2012 मध्ये ही पद्धत बंद झाली. माल विनाअबकारी निघू लागल्याने इकडची किंमत उतरली, पण तिकडे भन्सार पूर्ण भरावा लागू लागला. आजही नवा आयातदार इथेच चुकतो. इकडचे 1,00,000 म्हणजे तिकडचे 1,60,000. भन्सार 10 टक्के धरला तर 16,000. व्हॅट 13 टक्के, पण तो 1,76,000 वर, म्हणजे 22,880. शिवाय मूळ किमतीत सीमेपर्यंतचे भाडे आणि विमाही धरतात.

सप्टेंबर 2015 मध्ये नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली, तिच्यावर नाराज असलेल्या मधेशी (नेपाळच्या तराईतल्या) आंदोलकांनी रक्सौलचा पूल अडवला आणि गाड्यांची रांग लागली. नेपाळने याला भारताची नाकेबंदी म्हटले, भारताने ते नाकारले. रांग फेब्रुवारी 2016 पर्यंत टिकली. पंप उभे राहिले तरी बिघडत नाहीत. कांद्याला मोड येतात. मालविम्यात दंगलीने झालेली मोडतोड भरून मिळू शकते, पण उशिराने आलेली कूज मिळत नाही. तो अपवाद पॉलिसीत स्पष्ट छापलेला असतो आणि कोणी वाचत नाही. तेव्हापासून आमच्या दरपत्रकात ‘रक्सौल पोच’ की ‘वीरगंज पोच’ हे ठळक लिहिलेले असते. गाडी उभी राहिल्याचे भाडे कोणाच्या माथी, हे त्या दोन शब्दांवर ठरते.

2017 च्या जीएसटीने कांद्याला काही फरक पडला नाही, त्यावर करच नाही. घोळ पंपांचा. दर आर्थिक वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) नव्याने भरावे लागते; एप्रिलमध्ये हमखास विसरते. कर भरून माल पाठवला असेल तर शिपिंग बिलातला (कस्टम्सकडे भरायच्या निर्यात अर्जातला) आणि जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रातला बिल क्रमांक अक्षरशः सारखा हवा. एक आडवी रेघ कमी पडली की ‘एसबी005’ त्रुटी येते आणि परतावा अडकतो.

जून 2019 मध्ये नेपाळने भारतीय भाजीपाल्यावर कीटकनाशक अंशाची तपासणी सक्तीची केली. सीमेवर पुरेशा प्रयोगशाळा नव्हत्या. भारतीय दूतावासाचे पत्र गेले आणि जुलैच्या सुरुवातीला सरकारने निर्णय फिरवला. त्यावरून तिकडे गदारोळ झाला. तपासणीची मागणी मुळात चुकीची नव्हती, तयारी नव्हती, असे आमचे मत.

पण सगळ्यात महाग पडले ते आपलेच नियम. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे किलोला सुमारे 67 रुपये. व्यवहार रुपयात आणि मर्यादा डॉलरमध्ये, त्यामुळे कस्टम्सने जाहीर केलेला पंधरवड्याचा दर लावूनच बिल करावे लागे. बिल फुगवून फरक परत घेण्याची सूचना दोन्हीकडून येई. ते बेकायदा तर आहेच, पण फुगलेल्या रकमेवर तिकडचे करही फुगतात. मग 7 डिसेंबरची अधिसूचना निघाली आणि 8 पासून पूर्ण बंदी. माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात जाऊन नोंदला गेला असेल तरच सुटका. वाटेत असलेल्या गाडीला काही नाही. बंदी मे 2024 मध्ये उठली ती 550 डॉलर आणि 40 टक्क्यांसह. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले, शुल्क 20 वर आले. एप्रिल 2025 पासून तेही नाही.

आता गाडी भरण्याआधी नेपाळचा आयात परवाना हातात लागतो, त्यानंतरच फायटोसॅनिटरी (माल कीडरोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र. 25 टनांची गाडी म्हणजे 50 किलोची 500 जाळीची पोती. वाटेत दोन फाटली तर रिकामी जाळी फेकायची नाही, सोबत ठेवायची. प्रमाणपत्रात 500 आणि गाडीत 498 एवढ्यावर क्वारंटाइन अडवते. ताडपत्री बाजूंनी कधीच घट्ट बांधायची नाही, आत वाफ धरते. दोन टक्के घट धरली तरी पाच क्विंटल जातात, ती सौद्यातच लिहून घ्यायची.

गोरखपूरला चालकाचा फोन आलाच पाहिजे. रक्सौल की सुनौली (नेपाळ सीमेवरचे दुसरे नाके), हे तिथेच ठरवता येते. रक्सौल बंद असेल तर सुनौलीकडे वळण्याआधी आयात परवान्यावर कोणते नाके लिहिले आहे ते पाहायचे. वेगळे असेल तर बदल करून घेईपर्यंत गाडी गोरखपुरातच सावलीत उभी करायची.