उजव्या बगलेवरचा माणूस

फुटबॉलच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत पाहताना बहुतेकांची नजर चेंडूमागे धावते. माझी मात्र पुष्कळदा उजव्या बगलेवर रेंगाळते, आणि त्याला कारण स्कॉटलंडचा उजवा बचावपटू डॅनी मॅकग्रेन. १९७०च्या दशकात ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या सदऱ्यावर पाठीमागे आकडा नसे, तो चड्डीवर छापलेला असे. त्यामुळे धूसर चित्रणात खेळाडू ओळखणे अवघड जाते. मॅकग्रेन मात्र त्याच्या भरघोस दाढीमुळे चटकन सापडतो, आणि एकदा सापडला की त्याच्यावरून नजर काढवत नाही.

समोरून विंगर, म्हणजे बगलेवरून चढाई करणारा खेळाडू, चेंडू घेऊन येत असतो आणि हा गडी त्याच्यावर झेप घेत नाही. तो एक-एक पाऊल मागे सरतो, अंग किंचित तिरके ठेवतो, मैदानाच्या मधली वाट बंद करतो आणि समोरच्याला सीमारेषेकडे जाण्याची जणू परवानगीच देतो. विंगरला वाटते की जागा मिळाली. पण ती जागा आक्रसत जाते, आणि चेंडू पायापासून वीतभर लांब गेला रे गेला की मॅकग्रेनचा पाय तिथे हजर असतो. चेंडू हाती लागल्यावर तो दूर भिरकावून देऊन मोकळे होणे हेसुद्धा त्याच्या स्वभावात नव्हते. तो स्वतःच तो घेऊन थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपर्यंत धावत सुटे. गोल मात्र त्याने फारच थोडे केले, आणि गोलांच्या यादीवरून खेळाडूची किंमत करणाऱ्यांना तो म्हणूनच उशिरा कळतो.

१९५० साली ग्लासगोत जन्मलेला हा मुलगा खरे तर रेंजर्सचा, म्हणजे सेल्टिकच्या हाडवैऱ्यांचा चाहता होता. रेंजर्स हा प्रॉटेस्टंटांचा क्लब मानला जाई आणि सेल्टिक कॅथलिकांचा. त्याच्या नावावरून तो कॅथलिक असावा असा रेंजर्सच्या माणसाचा समज झाला आणि त्यांनी त्याला सोडून दिले, असा किस्सा ग्लासगोत नेहमी सांगितला जातो. तो प्रॉटेस्टंट होता. ज्या शहरात आडनावावरून माणसाचा संघ ठरवला जाई, तिथल्या या कोत्या हिशोबाचा फायदा अखेर सेल्टिकला झाला, याची मला अजूनही गंमत वाटते. १९६७च्या मे महिन्यात तो सेल्टिकमध्ये दाखल झाला. त्याच महिन्यात क्लबने लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला होता. अशा संघात पोरासोरांना जागा कुठून मिळणार? केनी डाल्ग्लिश, लू मकारी, डेव्हिड हे यांच्यासोबत तो राखीव संघात खेळत राहिला. त्या टोळीला लोक ‘क्वालिटी स्ट्रीट गँग’ म्हणत, आणि पहिल्या संघात उतरण्यासाठी मॅकग्रेनला १९७०पर्यंत थांबावे लागले.

त्यानंतर शरीराने त्याची परीक्षा पाहण्याचे जणू व्रतच घेतले. १९७२मध्ये फॉल्कर्कविरुद्ध खेळताना डोक्याचे हाड मोडले. १९७४च्या विश्वचषकात स्कॉटलंड एकही सामना न हरता, केवळ गोलफरकामुळे पहिल्याच फेरीत बाद झाला. उजव्या बाजूला रेंजर्सचा सँडी जार्डिन असल्याने मॅकग्रेन तिथे डावीकडे खेळला होता. त्या स्पर्धेनंतर त्याला मधुमेह असल्याचे निदान झाले, आणि इन्सुलिन घेत तो पुढे दशकाहून अधिक काळ अव्वल दर्जाचे फुटबॉल खेळला. १९७७मध्ये डाल्ग्लिश लिव्हरपूलला गेल्यावर कर्णधारपद त्याच्याकडे आले. पण ऑक्टोबरमध्ये हिबर्नियनविरुद्ध घोट्याला दुखापत झाली, ती महिनोन्महिने बरी होईना, आणि १९७८चा विश्वचषक हुकला. परतला तो १९७९च्या मे महिन्यातील त्या सामन्यात कर्णधार म्हणून उभा राहण्यासाठी, ज्यात दहाच खेळाडू उरलेल्या सेल्टिकने रेंजर्सला ४-२ने हरवून लीग जिंकली. स्कॉटलंडकडून ६२ सामने, सेल्टिककडून साडेसहाशेहून अधिक. १९८७मध्ये त्याने क्लब सोडला.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो आरब्रोथ या किनाऱ्यावरच्या लहानशा क्लबचा व्यवस्थापक झाला. तिथले चाहते खोट्या दाढ्या लावून सामन्यांना येत. ते प्रेम खरे होते, पण व्यवस्थापक म्हणून तो मोठा ठरला नाही आणि मला त्याचे आश्चर्यही वाटत नाही. व्यवस्थापकाला शनिवारचा निकाल हवा असतो. मॅकग्रेनची घडणच मुळात वाट पाहण्यातून झाली होती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तो सेल्टिकमध्ये परतला, तो तरुण आणि राखीव खेळाडूंचा प्रशिक्षक म्हणून. एकेकाळी तो स्वतः ज्या राखीव संघात पहिल्या संघाच्या दाराशी ताटकळत होता, त्याच वयाची मुले आता त्याच्या हाताखाली आली. पायातली जादू शिकवता येते की नाही हा वादाचा विषय आहे. पण समोरच्यावर झेप न घेता मागे कसे सरायचे, अंग कोणत्या कोनात ठेवायचे, चेंडू पायापासून सुटण्याचा तो क्षण कसा हेरायचा, हे मात्र शिकवता येते आणि ते मैदानावर उभे राहून, पुन्हा पुन्हा करून घेऊनच शिकवावे लागते. बचावपटू चांगले शिक्षक होतात असे सरसकट म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; पण सारा खेळ समोर ठेवून पाहण्याची सवय त्यांना खेळताना लागलेलीच असते, आघाडीवीराला ती चैन परवडत नाही.

२००२मध्ये चाहत्यांनी मते देऊन सेल्टिकचा सार्वकालिक सर्वोत्तम संघ निवडला, तेव्हा उजव्या बचावपटूच्या जागी त्याचेच नाव आले. पुढे नील लेनन व्यवस्थापक असताना, साठी ओलांडलेला मॅकग्रेन पहिल्या संघाच्या प्रशिक्षकवर्गात होता. नोव्हेंबर २०१२मध्ये याच संघाने बार्सिलोनाला २-१ने हरवले. निर्णायक गोल करणारा टोनी वॉट तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि बदली खेळाडू म्हणून उतरला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे अर्थातच वॉटची होती.