आबांना हार्टच्या ट्रायलमध्ये घ्यायचं ठरलं तेव्हा

आबांना अटॅक येऊन गेला, बेळगावात अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, आणि डिस्चार्जच्या आधी डॉक्टर म्हणाले की एका नवीन औषधाचा अभ्यास चालू आहे, तयारी असेल तर आबांना घेऊ. निपाणीला फोन केला तर आक्का रडायलाच लागली, आबांच्यावर प्रयोग करायला देताय व्हय म्हणून.

भीती मलापण होती. पण गावातल्या डॉक्टरांनी गाडीत घालायच्या आधी आबांना ॲस्पिरिन चघळायला दिलेली, आणि अटॅकमध्ये ती देतात ते आयसिस-२ नावाच्या ट्रायलमुळं. १९८८ला निकाल आला, १७,१८७ पेशंट होते, निम्म्यांना ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, पाच आठवड्यांत बिनऔषधवाल्यांत शंभरातले ११.८ गेले आणि ॲस्पिरिनवाल्यांत ९.४. हे सगळे आजारीच लोक होते, आबांसारखेच, ते हो म्हणाले म्हणून आबांना ती गोळी मिळाली. आक्काला मी हेच सांगितलं.

संमतीचा फॉर्म आधी कन्नडमध्ये समोर आला. आबा कन्नड बोलतात फाडफाड, बाजारात सगळं त्यातच चालतं, पण वाचता येत नाही, मराठीपण सहीपुरतंच. मी मराठी फॉर्म मागितला, एथिक्स कमिटीनं (पेशंटचं हित बघून अभ्यासाला परवानगी देणारी समिती) पास केलेला होताच, मिळाला. पेशंटला कळेल अशा भाषेत द्यायलाच लागतोय, मागून घ्या. आणि वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार पहिल्यापासून शेवटपर्यंत बसायला लागतो, आमच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर आले.

ट्रायलचं काम बघणाऱ्या मॅडमनी एकेक पान वाचून दाखवलं आणि आम्ही काय काय विचारलं, चालू गोळ्या बंद होणार का (नाही, हे त्याच्यावर जादा), मधेच सोडलं तर ट्रीटमेंट थांबते का (नाही), ट्रायलमुळं काही झालं तर खर्च कोणाचा. ट्रायलच्या २०१९च्या सरकारी नियमांत तो उपचार फुकट द्यायचा आहे, तेच फॉर्मवर लिहिलेलं. सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलची सरकारी नोंद असते तिथला नंबर मी मोबाईलवर टाकून बघितला, सगळं जुळलं, मगच सही. फॉर्मची एक कॉपी आपल्याला मिळते, ती जपून ठेवा.

मग ईसीजी, इको, रक्त, आणि कुठली गोळी द्यायची ते कॉम्प्युटरनं ठरवलं. डॉक्टरांनापण माहीत नसतंय, इमर्जन्सीत मात्र कुठली गोळी चालू आहे ते सांगणारा कोड उघडता येतो. दर व्हिजिटला उरलेल्या गोळ्या मोजतात, गाडीभाडं देतात.

मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. आबांचे गुडघे दुखायला लागले आणि एका ठिकाणी डायक्लोफेनॅक नावाची दुखण्यावरची गोळी लिहून दिली. कुठलंपण नवीन औषध घ्यायच्या आधी फोन करा असं ट्रायलवाल्यांनी दिलेल्या कार्डावर होतं म्हणून केला, तर लगेच थांबवायला लावलं, अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ती गोळी धोक्याची. डॉक्टरांशी बोलून पॅरासिटामॉलवर आणलं. ते कार्ड आता आबांच्या बंडीच्या खिशातच असतंय.