हातोडीचा आवाज

खांद्याच्या हाडात अँकर नावाचा स्क्रू बसवण्याआधी पंच नावाच्या टोकदार अवजाराने भोक पाडतात. पंचवर हातोडी पडली की पहिल्या एक-दोन ठोक्यांना टणक आवाज येतो, मग तो बोदा होत जातो. एकोणीस वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नर्स म्हणून उभी राहून हा आवाज मला दुर्बिणीच्या स्क्रीनकडे न बघताही कळतो. त्या दिवशी तो आलाच नाही. आमच्या सर्जन सरांनी पंच टेकवला, हातोडी मागितली, आणि मी ती पुढे करेपर्यंत पंच नुसत्या हाताच्या दाबाने आत गेला होता. ओल्या वाळूत काडी खुपसावी तसा.

बडोद्यात उत्तरायणाचे पतंग उडवून झाले की पुढचा महिनाभर आमच्याकडे हातपाय मोडलेल्यांची रांग असते. काकू त्यातल्याच. दांडिया बाजारच्या, वय 67. नातवाची फिरकी धरून गच्चीवर उभ्या होत्या. उतरताना जिन्यात पाय सटकला आणि त्यांनी उजव्या हाताने कठडा घट्ट धरला. अंग खाली गेलं, हात वरच राहिला. एक्स-रेत कुठे मोडलेलं दिसलं नाही, म्हणून तीन आठवडे घरीच शेकण्यात गेले. हात काही वर जाईना, तेव्हा एमआरआय झाला. सुप्रास्पायनेटस नावाचा स्नायू, जो हात बाजूने वर उचलायला सुरुवात करून देतो, त्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, हाडावरून पूर्ण सुटून आत सरकला होता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी चेकलिस्ट भरायला मी त्यांच्या खोलीत गेले. तर्जनीच्या पेरावर मांज्याने कापल्याची बारीक रेघ अजून दिसत होती. मला म्हणाल्या, "ताई, अंबाडा घालता येईल ना हो मला? सून घालून देते, पण रोज तिला किती अडवायचं?" मग बोलता बोलता सांगितलं की तीन वर्षांपूर्वी मोरीत घसरल्या तेव्हा मनगट मोडलं होतं, प्लास्टर होतं. मी ते 'पूर्वीचे आजार' या रकान्यात लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

इथे चूक झाली, आणि ती माझीही होती. उभ्या उभ्या पडून बाईचं मनगट मोडतं, तेव्हा हाड आतून विरळ झाल्याची शंका घ्यायलाच हवी. हे मला माहीत आहे. पण मी सरांना फोन केला नाही, आणि सकाळच्या धावपळीत तो रकाना कोणीच वाचला नाही.

अँकर म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा छोटा स्क्रू. कधी टायटॅनियमचा, कधी पीक नावाच्या कडक प्लास्टिकचा, कधी हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाचा. त्याच्या पोटातून दोन-तीन दोरे निघतात. स्क्रू हाडात बसवायचा, दोरे टेंडनमधून ओवायचे आणि गाठी मारून टेंडन हाडावर दाबून ठेवायचा, म्हणजे तो तिथे पुन्हा धरतो. हे दोरे हाताने ओढून तुटत नाहीत. आमचे सर स्क्रू तिरका, 45 अंशाच्या आसपास घालतात. कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबाची तार जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला बांधतात, त्यावरून बर्कहार्ट या अमेरिकन सर्जनने 1995 मध्ये हा कोन मांडला. नवीन मुलांना सर तो हमखास विचारतात. पण दोरा कितीही मजबूत असो, कोन कितीही अचूक असो, सगळा भार शेवटी हाडावरच येतो.

पहिला अँकर 5.5 मिमीचा. सरांनी तो फिरवून बसवला, दोरे हातात घेतले आणि नेहमीसारखा एक हलका हिसका दिला. अँकर दोऱ्यासकट बाहेर आला. आटे हाडाच्या पांढऱ्या भुशाने भरलेले होते. टेक्निशियन हळूच म्हणाला, "सिस्टर, नीकळी गयुं." अँकर पुरवणाऱ्या कंपनीच्या मुलाने पेटीतला 6.5 चा पुढे केला. तो त्याच भोकात बसला, एक दोरा ओवूनही झाला, आणि ओढताच तिरपा होऊन वर आला. तिसरा सरांनी कूर्चेच्या कडेला, आतल्या बाजूला घातला, कारण तिथलं हाड त्यामानाने दाट असतं. तो बसला. हिसका दिला, हलला नाही. पण इतका मोठा टेंडन एकट्या अँकरच्या भरवशावर सोडता येत नाही.

कंपनीचा मुलगा फोन लावून म्हणाला, आणखी मोठा अहमदाबादहून दोन-अडीच तासांत येईल. इकडे दुर्बिणीला दिसावं म्हणून सलाईन सतत खांद्यात जात होतं आणि खांदा फुगत चालला होता. भूलतज्ज्ञ मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर काही बोलेनात.

मी म्हणाले, "सर, मोठ्या सरांचा ट्रे आहे."

मोठे सर निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांच्या वेळी अँकर प्रत्येक पेशंटला परवडत नसे. मग हाडातच बोगदे पाडून त्यातून दोरा ओवायचे. ही पद्धत आजची नाही. बॉस्टनच्या कॉडमनने असा तुटलेला टेंडन हाडाला शिवल्याचं 1911 मध्येच लिहिलं होतं. त्या ट्रेमध्ये दोन जाड मेयो सुया, चांभाराच्या आरीसारखा वाकडा टोचा आणि एक जाडजूड नीडल होल्डर, एवढंच. दर वेळी पॅकची मुदत संपली की मी तो पुन्हा निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला पाठवत आले. हा कशाला ठेवायचा, असं स्टोअरमधून दोनदा विचारून झालं होतं.

सरांनी खांद्यातली दुर्बीण बाहेर काढली आणि खांद्यावर छोटा छेद घेतला. डेल्टॉइडचे, म्हणजे खांद्यावरच्या स्नायूचे, तंतू बाजूला करताना त्यांनी मोजून हात थांबवला. खांद्याच्या टोकापासून 5 सेंमीच्या खाली उतरायचं नाही, तिथून अ‍ॅक्झिलरी नर्व्ह, म्हणजे त्या स्नायूचा मज्जातंतू, जाते. मग टोच्याने वाट केली आणि सुई हाडात घातली. हाड मऊ होतं म्हणून ड्रिल लागलंच नाही. ज्या मऊपणाने दोन अँकर सोडले, त्यानेच सुईला वाट दिली. सुई वळण घेत हाडाच्या उंचवट्याच्या टोकापासून सुमारे 2 सेंमी खाली बाहेर आली. तिथे हाडाचं कवच जाड असतं. अशा तीन वाटा झाल्या.

एक भीती उरली होती. ताणलेला दोरा हाडाला मांज्यासारखा कापत जातो, आणि काकूंचं कवचही पातळच असणार. सरांनी बोटांच्या हाडांच्या सेटमधली दोन भोकांची पट्टी मागितली, दोरे तिच्या भोकांतून घेतले आणि गाठी पट्टीवर मारल्या. ताण धातूवर पसरला. सरांनी खांदा हळूहळू फिरवला. आम्ही सगळे त्या गाठींकडे बघत होतो. टेंडन जागचा हलला नाही.

सुया-अवजारांचा काउंट झाला. फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर लावायची वेळ आली तेव्हा माझ्या हातात तीन अँकरचे स्टिकर होते आणि पेशंटच्या अंगात एकच अँकर. एक स्टिकर आणि पट्टीचा नंबर वर लावला. बाकी दोन खाली चिकटवून 'बसवले, निघाले, काढले' असं लिहिलं आणि सरांची सही घेतली. एकेक अँकर हजारो रुपयांचा. हे दोन बिलात लावू नका, असं सरांनी ऑफिसला स्वतः सांगितलं. मला ते फार बरं वाटलं.

मग मी चेकलिस्ट काढून मनगटाची ओळ सरांना दाखवली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "सिस्टर, पुढच्या वेळी रात्री बारा वाजले तरी फोन करा." आठवड्याने डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली. टी-स्कोअर उणे 3.1. उणे 2.5 किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ झाली, असं म्हणतात. औषधं तेव्हा सुरू झाली. खरं तर ती मनगट मोडलं तेव्हाच सुरू व्हायला हवी होती. आता पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला मी पूर्वी कुठलं हाड मोडलं होतं का, हे विचारते आणि उत्तर सरांना त्याच रात्री कळवते.

सहा आठवडे काकूंचा हात झोळीत होता. मग फिजिओथेरपी, रडत-कुरकुरत. पाचव्या महिन्यात तपासणीला आल्या तेव्हा ओटीच्या दाराशी येऊन त्यांनी मला बोलावून घेतलं. जड कळशी अजून उजव्या हाताने उचलता येत नाही, म्हणाल्या. मग केस सोडले, आकडे दातांत धरले आणि दोन्ही हात मागे नेले. उजवा जरा हळू गेला. दोनदा केस सुटले, तिसऱ्यांदा अंबाडा बसला.