पाठ्यपुस्तकांच्या टेबलावर आलेला आलेख

तिसऱ्या वर्षाला 'डेटा अ‍ॅक्विझिशन अँड अ‍ॅनालिसिस' हा विषय नव्याने लागला आणि पुस्तकं सुचवायचं काम माझ्याकडे आलं. नेरुळच्या आमच्या कॉलेजात त्या दुपारी स्टाफरूमच्या टेबलावर नमुना प्रती पसरल्या होत्या, आणि मी व विभागातले एक सर अनुक्रमणिका ताडून बघत होतो. सगळ्यांत सगळंच होतं: सेन्सर, सिग्नल कंडिशनिंग (सेन्सरचा सिग्नल मोजण्याजोगा करणं), एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारं सर्किट), सांख्यिकी. काही पुस्तकं एकाच सॉफ्टवेअरच्या मेनूंची चित्रं दाखवण्यातच अर्धी संपतात. ती मी आधीच बाजूला काढली.

तेवढ्यात प्रोजेक्टचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. "मॅडम, पाण्याचं तापमान सारखं वरखाली होतंय."

एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, लांब साधी वायर, आणि रीडिंग घेणारा अर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. आलेखात साधारण दर दोन सेकंदांना एक सुबक लाट. बादलीभर पाणी असं तापत-निवत नाही हे त्यालाही कळत होतं, म्हणून तर तो आला होता.

प्रोग्राममध्ये दोन रीडिंगांत २० मिलिसेकंदांचा डिले होता. रीडिंग घेऊन छापण्याचा वेळ धरला की किंचित जास्त. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तनही २० मिलिसेकंदांचंच. वायरीने विजेचा हम, म्हणजे आसपासच्या विजेची ५० हर्ट्झची ढवळाढवळ, पकडला होता आणि प्रत्येक रीडिंग त्या आवर्तनात जरासं पुढच्या जागी पडत होतं. त्या ठिपक्यांतून संथ लाट उभी राहिली होती. हे एलियासिंग.

मी उत्तर सांगितलं नाही. सरांना म्हटलं, "अनुक्रमणिका राहू दे, पुस्तकं यालाच वाचू दे." मुलगा मराठी माध्यमातला. एका पुस्तकात सॅम्पलिंगचं प्रकरण थेट फूरिए ट्रान्सफॉर्मने सुरू होतं. तिथे तो दुसऱ्याच पानावर अडला. दुसऱ्यात एक साइन वेव्ह, तिच्यावर विरळ ठिपके आणि सोपं इंग्रजी. ते वाचता वाचता तो उठला आणि २० च्या जागी १३ टाकलं. संथ लाट गेली, दाट खरखर आली.

"पाणी तेच आहे, मॅडम. म्हणजे लाट पाण्याची नव्हतीच!"

पहिलं पुस्तक तिथेच ठरलं.

सरांचं म्हणणं, अ‍ॅक्विझिशन आणि अ‍ॅनालिसिस या दोन्ही भागांना एकच पुस्तक असावं. मला ते पटेना. स्क्रीनवर २७.३४ अंश दिसत होतं. पण सेन्सर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो आणि १०-बिट एडीसीची पायरी ५ व्होल्ट भागिले १०२४, म्हणजे जवळपास ४.९ मिलिव्होल्ट, साधारण अर्ध्या अंशाची. त्यामुळे २७.३४ नंतरचं रीडिंग थेट २७.८३! दशांशानंतरच्या त्या दोन आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे अ‍ॅक्विझिशनची पुस्तकं घाईत उरकतात. म्हणून दुसरं पुस्तक मी जॉन टेलर यांचं एरर अ‍ॅनालिसिसवरचं, म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेवरचं, धरलं. मुखपृष्ठावर १८९५ साली पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनची भिंत फोडून खाली आलेलं इंजिन आहे, ते. शेवटी सरांनीही सही केली.

पहिलं प्रॅक्टिकलही बदललं. आता मुलं आधी ती खोटी लाट मुद्दाम आणतात, मग एडीसीच्या आधी १० किलोओमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून हम साधारण तीसपट दाबतात.