परळ ते बॅलार्ड पियर : डॉ. कोटणीसांच्या वाटेने

डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये, रणधुमाळीतच गेले. वय अवघं ३२. मूळचे सोलापूरचे, पण डॉक्टर झाले ते मुंबईत, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. म्हणून यंदा ९ डिसेंबरला मी परळला उतरले.

कॉलेजाला जोडलेल्या केईएम रुग्णालयाच्या फाटकाशी नेहमीची गर्दी होती. एक्स-रेची पाकिटं छातीशी धरलेले नातेवाईक, फुटपाथवर सतरंजी टाकून बसलेली गावाकडची माणसं, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून धावपळ करणारी विशी-बाविशीतली मुलं. कोटणीसही इथे असेच धावले असतील. पुढच्या पदवीचा अभ्यास चालू असतानाच त्यांनी चीनला जायचं ठरवलं. जपानने १९३७ साली चीनवर आक्रमण केलं होतं आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक उभं केलं होतं. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते.

परळहून लोकलने सीएसएमटी, तिथून चालत बॅलार्ड इस्टेट. दगडी इमारती देखण्याच आहेत, पण माझं लक्ष धक्क्याकडे होतं. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहूनच बोटीने निघालं. बंदराच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं, "ताई, पास असल्याशिवाय आत नाही सोडत." कोटणीसांचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "सोलापूरचे ना? शाळेत धडा होता आम्हाला." मग बराच वेळ आम्ही तिथेच बोलत उभे राहिलो.

त्याला मी वडिलांचं सांगितलं. कोटणीस चीनमध्ये असताना सोलापुरात त्यांचे वडील वारले. परत यायला तेवढं कारण पुरे होतं आणि कुणी बोलही लावला नसता. तरीही ते आघाडीवर गेले. पथकातले बाकीचे पुढे मायदेशी परतले, हे मात्र राहिले. जाण्यापेक्षाही मला त्यांचं हे राहणं मोठं वाटतं. निघताना उमेद असते, निरोपाचे हार असतात. राहताना समोर फक्त जखमी असतात. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास, डोळ्याला डोळा न लावता शस्त्रक्रिया केल्या. चीनच्या मदतीला आलेले कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथल्या पोरांना शल्यचिकित्सा शिकवू लागले. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान परिचारिका होत्या.

या कष्टांनी तब्येत ढासळली आणि अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा बळी घेतला. मुलगा यिनहुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. तोही पुढे डॉक्टरकीच शिकत होता, पण शिक्षण पुरं व्हायच्या आत, १९६७ साली, गेला. हे ऐकून रखवालदारदादा गप्प झाले. मग म्हणाले, "आईचं काय झालं असेल हो!" मला उत्तर सुचलं नाही.

सोलापुरात डॉक्टरांचं स्मारक आहे. पुढच्या खेपेला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने तिकडे जाणार आहे.